गळ्याला लाटा आल्या, आता?

दोन अंकांपूर्वी मी सहज एक ओळ लिहून गेले की, घरात घालायचे माझे सगळे कपडे आता मी होजिअरीच्या कापडाचे शिवते, आणि तेही जुन्या काळ्या पायडल मशीनवर. बाकीच्या लेखाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पत्रं आली ती या एका ओळीवर. कुणी त्याला ‘टी-शर्टचं कापड’ म्हटलंय, कुणी ‘लायक्रा’, कुणी ‘बनियनचं’, आणि पेडण्याच्या एका आजींनी ‘ते वोडलं की येता ते’. या महिन्याचं सदर त्या पत्रांना दिलं आहे.

आधी माझी पात्रता सांगते. फोंड्यात तीस वर्षं मी ब्लाउज शिवले. होजिअरीला हात लावला तो पन्नाशीनंतर, आणि पहिला टी-शर्ट भाच्याचा. कापड न धुता कापलं, पहिल्या धुण्यात टी-शर्ट बेंबीच्या वर चढला. भाच्याने तो आपल्या कुत्र्याला घातला. त्याला छान बसला.

साखळीहून एक वाचक लिहिते: ताई, मी ब्लाउज, ड्रेस सगळं शिवते. पण टी-शर्टच्या गळ्याला पट्टी लावली की गळा समुद्रासारखा लाटा मारतो. तीन टी-शर्ट बिघडवले. पट्टी ब्लाउजच्या पायपिनसारखी तिरकी कापते, मशीन साधं काळं आहे. माझं काय चुकतंय?

बाये, तुझा हात चुकत नाही, सवय चुकतेय. तीस वर्षांची तीच सवय मलाही मोडावी लागली, म्हणून तुझ्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते.

पॉपलिन किंवा टू बाय टू या ब्लाउजच्या कापडांत उभे आणि आडवे धागे एकमेकांच्या वरून-खालून जातात. होजिअरीत तसं नसतं. स्वेटरसारखे फासात फास अडकवलेले असतात. ओढलं की फास रुंद होतो, सोडलं की जागेवर येतो. आता मशीनमध्ये काय घडतं ते बघ. खालचे दाते कापड मागे नेतात आणि वरचा पाय ते दाबून धरतो. पॉपलिनला त्या दाबाचं काही वाटत नाही. होजिअरी मात्र त्या दोघांमध्ये ताणली जाते आणि ताणलेल्या अवस्थेतच तिच्यावर टाका बसतो. मग ती जागेवर येणार कशी? तीच तुझी लाट.

म्हणून पहिली गोष्ट, पायाचा दाब कमी कर. काळ्या मशीनच्या डोक्यावर, पायाच्या दांडीच्या बरोबर वर एक गोल स्क्रू असतो. ब्लाउज शिवणाऱ्या बायका जन्मात त्याला हात लावत नाहीत. तो दोन-तीन फेरे सैल कर, चिंधीवर शिवून बघ, अजून लाट येत असेल तर आणखी एक फेरा. फार सैल झाला तर कापड पुढेच सरकणार नाही, तेव्हा कळेल. काम झालं की परत आवळायला विसरू नकोस, नाहीतर पुढचा ब्लाउज वाकडा जाईल आणि दोष मला देशील.

दुसरी गोष्ट पट्टीची. तिरकी पट्टी इथे नकोच. तिरकं कापायचं ते न ताणणाऱ्या कापडाला थोडा ताण यावा म्हणून. होजिअरीला तो जन्मजात आहे. पट्टी सरळ आडवी काप, म्हणजे कापड जिकडे जास्त ताणतं ती बाजू पट्टीच्या लांबीत येऊ दे. आणि पट्टी गळ्यापेक्षा आखूड हवी. गळ्याचं माप कापलेल्या कडेवर घेऊ नकोस, शिवण जिथे पडणार त्या रेषेवर टेप उभी धरून घे. गळा २० इंच भरला तर त्याच कापडाची पट्टी १७ इंच, अधिक जोडाला अर्धा इंच. रिबची (उभ्या रेघांच्या विणीची) पट्टी असेल तर १६ इंचही चालते, कारण रिब जास्त ताणते आणि जास्त घट्ट परतते. रुंदी दोन इंच घे, दुमडून इस्त्री केली की शिवणीत जाऊन पाऊण इंच उरते.

आता पट्टीची दोन्ही टोकं जोडून गोल कर आणि टाचण्यांनी चार सारखे भाग पाड. गळ्याचेही चार सारखे भाग पाड. इथे एक गंमत आहे. गळ्याचे चार भाग पुढचा मध्य, मागचा मध्य आणि दोन खांदे असे होत नाहीत, कारण पुढचा गळा मागच्यापेक्षा खोल असतो. गळा पुढच्या आणि मागच्या मध्यावर धरून दुमड, बाजूच्या टाचण्या खांद्याच्या शिवणीच्या थोड्या पुढे येतील. मी पहिले सहा महिने खांद्यावरच टाचत होते आणि मागची पट्टी सुटी सुटी का दिसते म्हणून मशीनला शिव्या देत होते.

टाचणी टाचणीला जोड, पट्टी वर ठेव आणि शिवताना पट्टी ओढ, फक्त पट्टी. खालचा गळा जसा आहे तसा पडू दे. ब्लाउजच्या गळ्याला आपण अख्खं काम हाताखाली ताणून धरतो ना, तो हात इथे बांधून ठेव.

कापड फारच पातळ असेल तर खाली बटर पेपरची पट्टी घालून शीव आणि मग फाडून टाक. वर्तमानपत्राचा कागद वापरू नकोस, शाई उतरते. मी पांढऱ्या टी-शर्टच्या गळ्यावर एकदा सोन्याचा भाव छापला होता.

तुझे ते तीन टी-शर्ट फेकू नकोस. लाटेवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री नुसती टेकव आणि उचल, घासू नकोस. वाफेने फास बरेच परत येतात. आलेच नाहीत, तर गळा अर्धा इंच कापून नवी पट्टी. गळा थोडा मोठा होईल, घरात कोण बघतंय.

वास्कोहून एक निवृत्त गृहस्थ लिहितात: बायकोचं मशीन आहे, तिला आता दिसत नाही. मी माझ्या बर्म्युडा स्वतः शिवायच्या ठरवल्या. मशीन चार टाके घालतं, दोन गाळतं. बसल्यावर शिवण ‘कट्’ करून तुटली, तीही बँकेत. मशीन जुनं झालं का?

काका, मशीन ठणठणीत आहे, सुई चुकीची आहे. तुमच्या मशीनमध्ये जी सुई आहे तिचं टोक अणकुचीदार आहे. ती फास भेदते किंवा कापते. कापला तर पहिल्या धुण्यात तिथे बारीक भोक दिसेल. भेदला नाही तर कापड सुईबरोबर वर-खाली होतं आणि खालच्या दोऱ्याला वरच्या दोऱ्याचा फास सापडत नाही, मग टाका गळतो. दुकानात ‘बॉल पॉइंट’ सुई मागा. तिचं टोक किंचित गोल असतं, ते फासांना बाजूला सारून मधून जातं. डोळ्यांना फरक दिसत नाही, तेव्हा ती वेगळ्या डबीत ठेवा. पातळ टी-शर्टच्या कापडाला ११ नंबर, बर्म्युडाच्या जाड कापडाला १४. फार लायक्रा असलेल्या कापडाला याच घराण्यातली ‘स्ट्रेच’ सुई मिळते. दोन-तीन कपड्यांनंतर सुई बदला. सुई मोडेपर्यंत वापरायची ही आपली घराघरातली रीत होजिअरीत चालत नाही.

आता ते ‘कट्’. कापड ताणलं, शिवण ताणली नाही, म्हणून दोरा तुटला. सुती दोरा असेल तर तो आधी बदला, पॉलिस्टरचा घ्या. टाका बारीक करा, इंचाला बारा तरी. वरचा ताण थोडा सैल करा. आणि शिवताना कापड पायाच्या पुढून एका हाताने, मागून दुसऱ्या हाताने अगदी हलकं ताणून धरा. (साखळीच्या वाचकाला मी आत्ताच ओढू नको म्हटलं आणि तुम्हाला ओढा म्हणतेय, हे मला कळतंय. तिचा गळा आहे, तुमची उभी शिवण आहे. उभ्या शिवणीत कापड फारसं ताणत नाही, त्यामुळे लाट येत नाही आणि शिवणीत थोडी सैल राहते.) चार इंच शिवून ओढून बघा. पाच-साडेपाच इंचांपर्यंत तुटली नाही तर बँकेत जायला हरकत नाही.

बैठकीची शिवण मात्र दोनदा मारा. तेवढ्याने भागत नसेल तर एक सोपा मार्ग आहे. गल्लीत पिको-फॉलचं दुकान असेलच. पिकोचं मशीन म्हणजे झिगझॅगचंच मशीन. तिथल्या बाईंना सांगा, पिकोसारखं दाट नको, अरुंद आणि लांब झिगझॅग मारून द्या. नागमोडी टाका ताणला की सरळ होतो, तुटत नाही. साडी नसलेला माणूस पिकोच्या दुकानात शिरला म्हणून ती आधी बघत राहील, तेवढं सोसा.

मडगावहून: ओव्हरलॉक मशीन (कापडाच्या कडा दोऱ्यांनी बांधणारं) घ्यावं का? नवरा म्हणतो, घेऊन टाक.

नको. आधी दहा कपडे शीव. होजिअरीच्या कडा पॉपलिनसारख्या उसवत नाहीत, दोरे सुटत नाहीत, त्यामुळे कड तशीच सोडली तरी चालते. दहा शिवून झाल्यावरही नवरा हेच म्हणाला तर घे, आणि घेशील तेव्हा चार दोऱ्यांचं घे, तीन दोऱ्यांचं नको.

डिचोलीहून गणिताच्या एक शिक्षिका लिहितात: कापड आणायचं कुठून आणि मागायचं काय? दुकानदार मला ‘कितने जीएसएम’ म्हणून विचारतो आणि मी गप्प बसते. शिवाय कुणी मीटरवर देतं, कुणी किलोवर. भाजी आहे का?

भाजीच समजा. हे कापड जिथून निघतं त्या तमिळनाडूतल्या तिरुपूरला सगळा व्यवहार किलोवर चालतो, आणि तिथला माल घेणारे बरेच दुकानदार तीच सवय आपल्यापर्यंत आणतात. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममध्ये वजन, बाकी काही नाही. १४० ते १६० म्हणजे पातळ, आपल्या हवेत घरात घालायला उत्तम. १८० म्हणजे नेहमीचा बऱ्यापैकी टी-शर्ट. २२०च्या पुढे कॉलरचे आणि जाड प्रकार.

गणिताच्या बाईंना हिशेब सांगायला नको, तरी सांगते. कापडाचा पन्हा ७२ इंच, म्हणजे १.८ मीटर. १८० जीएसएमचं एक मीटर लांब कापड भरतं १८० गुणिले १.८, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम. किलोला तीन मीटर. त्या पन्ह्यात मध्यम मापाचा पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसून वर बाह्यांना जागा उरते, त्यामुळे एका टी-शर्टला पाऊण-एक मीटर पुरतं. किलोत तीन मोठे टी-शर्ट आरामात, उरलेल्यातून एखादं लहान मुलाचं. आता किलोचा भाव आणि मीटरचा भाव शेजारी मांडा, कोण महाग देतो ते दुकानातच कळेल.

‘कॉटन’ एवढंच म्हणू नका. साधं टी-शर्टचं कापड हवं असेल तर ‘सिंगल जर्सी’ म्हणा, तिरुपूरकडच्या व्यापाऱ्यांत त्यालाच ‘सिंकर’ म्हणतात. दोन्हीकडून सारखं दिसणारं, थोडं जाड आणि कडा न वळणारं हवं तर ‘इंटरलॉक’. शिकणाऱ्याने पहिल्यांदा इंटरलॉकच घ्यावं, सिंगल जर्सी कापली की कड सुरळी होऊन बसते. गळ्याला रिब वेगळी मागा. चिमटीत चार इंच धरून आडवं ओढा. किती ताणतं यापेक्षा सोडल्यावर परत येतं की नाही ते बघा. आलं नाही तर गुडघ्यावर फुगे येणार.

(हे ‘जर्सी’ नाव ऐकून मला नेहमी मजा वाटते. लहानपणी आमच्या घरी बनियनला गंजीफ्रॉक म्हणत. इंग्लिश खाडीत जर्सी आणि गर्न्सी ही शेजारची दोन बेटं आहेत, दोन्हीकडे कोळ्यांचे विणलेले लोकरी अंगरखे प्रसिद्ध. एका बेटाचं नाव आपल्या टी-शर्टच्या कापडाला लागलं, दुसऱ्याचं घासून घासून आपली ‘गंजी’ झाली.)

कुठून आणायचं? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुकडे चाळायला मला आवडतं, पण तिथे नशीब लागतं. मनासारखा रंग आणि हवा तेवढा माल पाहिजे असेल तर बेळगावला कुणी निघालं की मी यादी देते. लग्नाचा बस्ता आणायला निघालेल्या शेजारणीकडून मी दोन किलो राखाडी इंटरलॉक मागवलं, आणि ती अजून मला त्यावरून चिडवते.

आणल्याबरोबर धुवा. भाच्याच्या कुत्र्याची गोष्ट वर सांगितलीच आहे. सुती होजिअरी उंचीत जास्त आटते. आठवण म्हणून कापडावर पेनाने एक चौकोन काढून धुण्याआधी आणि नंतर मोजून बघा, तुमच्या विद्यार्थ्यांनाही दाखवता येईल. काही थान गोल नळीसारखं येतं, कारण ते गोल यंत्रावर विणलेलं असतं. एका बाजूने सरळ कापून उघडा.

आणि सिंगल जर्सीच्या सुरळीवर आमचा गावठी उपाय. उकड्या तांदळाच्या पेजेवरचं पाणी घ्यायचं, गाळून, आणखी पाणी घालून पातळ करायचं, फवाऱ्याच्या बाटलीने कडेवर मारायचं, सुकलं की इस्त्री. कापड कागदासारखं ताठ. शिवून झालं की त्याच दिवशी धुवा, नाहीतर रात्री झुरळं जेवायला येतात.

पणजीहून एक वाचक: बाजारात दोनशे रुपयांत टी-शर्ट मिळतो. मग घरी शिवायचा खटाटोप कशाला? राग मानू नये.

मानला नाही. दोनशेचा अंगाला बसत असेल तर शिवूच नका. मला बसत नाही. खांद्याला बसला तर पोटाला नाही, पोटाला घेतला तर बाही कोपरापर्यंत लोंबते आणि भांडी घासताना भिजते. आणि बायकांच्या कपड्याला बोल्स नसतो. माझी आजी खिशाला ‘बोल्स’ म्हणे, बटणाला ‘बुतांव’, दोन्ही पोर्तुगिजांचे शब्द. तिच्या झंपराला आत एक चोरबोल्स असायचा, त्यात तपकीर आणि दोन-चार रुपये. मी माझ्या प्रत्येक घरच्या अंगरख्याला एक बोल्स लावते. दोनशेत तो मिळत नाही.

काणकोणहून: पावसात दोन प्रश्न. शिवलेले सुती टी-शर्ट दोन दिवस सुकत नाहीत, वास येतो. आणि मशीन गंजतं, जड चालतं. मी खोबरेल तेल घालते, तरी जड.

तरी नव्हे, त्यामुळेच जड. खोबरेल तेल केसांना, पोळ्याला, माशाला. मशीनमध्ये ते चिकटा धरतं आणि होजिअरीची रुई त्यावर बसून लाडू होतो. होजिअरी शिवताना रुई साध्या कापडापेक्षा फार पडते, हे लक्षात ठेवा. आता करायचं असं: सुईखालची पट्टी काढा, दात्यांमधली रुई जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडून मशीन रिकामं पाच मिनिटं चालवा, काळं पाणी निघेल ते पुसा. मग मशीनचं पांढरं तेल. रात्रभर राहू द्या आणि सकाळी आधी चिंधीवर शिवा, नाहीतर नव्या कापडावर तेलाचा डाग. आषाढ-श्रावणात मी आठवड्याला तेल घालते, शिवलं नाही तरी. सुया औषधाच्या बाटलीतल्या त्या कोरड्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत.

सुकण्याचं म्हणाल तर पावसाळ्याचे कपडे वेगळे शिवा. १४० जीएसएमचं, सुतात पॉलिस्टर मिसळलेलं कापड रात्रभरात पंख्याखाली सुकतं. बाजारात सुळसुळीत पडणारं व्हिस्कोज मिळतं ते अंगाला गार, पण भिजलं की जड होऊन स्वतःच्याच वजनाने लांबतं. आणि होजिअरीचा कोणताच ओला कपडा हँगरला लावू नका, खांद्याला शिंगं येतात. दोन दोऱ्यांवर आडवा टाका, म्हणजे पोटातून हवा जाते.

म्हापशाहून एक तरुण: जुळी सुई आणली. टी-शर्टच्या खाली बाजारात दोन समांतर ओळी असतात तशा माराव्या म्हणून. पहिल्याच टाक्याला मोडली. परत आणू?

काळं मशीन असेल तर आणू नकोस. त्याच्या पट्टीला सुईसाठी एकच बारीक गोल भोक असतं, दोन सुया त्यात जाणार कुठून? झिगझॅगच्या मशीनला आडवं लांबट भोक असतं, त्यातच ती चालते. पुढच्या वेळी डोळ्याला चष्मा लावून शीव, तुकडा उडून बुबुळात गेला असता. खालची दुमड तू हाताने घाल, आतून सैल तिरका टाका. मला विचारशील तर जास्त सुंदर दिसते.

फोंडा तालुक्यातून एक सून लिहिते: सासूबाई ७४ वर्षांच्या. मागच्या चवथीनंतर त्यांना अर्धांगवायू झाला, उजवा हात वर होत नाही. बाजारातले गाऊन डोक्यावरून घालताना त्या रडतात आणि मग मी रडते. पुढून बटणांचे आणले, तर हात बाहीत घालायला मागे वळवावा लागतो. तुमच्या या कापडाचं काही होईल का? मला ब्लाउजला हुक लावण्यापलीकडे शिवण येत नाही.

होईल. माझी आई शेवटची दोन वर्षं अशीच होती, आणि होजिअरी मी खरी शिकले ती तेव्हा. भाच्याचा टी-शर्ट ही नुसती हौस होती.

इंटरलॉक घे, १८०च्या आसपास, गडद आणि छोट्या फुलांचं, म्हणजे डाळीचे डाग दिसत नाहीत. अडीच मीटर आण, धू. त्यांचा सर्वांत सैल गाऊन कागदावर पसर, पेन्सिलीने बाहेरून काढ, सगळीकडून पाऊण इंच शिवणीला वाढव. छातीचं माप ३८ असेल तर गाऊन ४४-४६चा होऊ दे. होजिअरी ताणते म्हणून टी-शर्ट घट्ट शिवतात, ते इथे विसर. ताण तुझ्या हाताला हवा, त्यांच्या अंगाला नको.

युक्ती उजव्या खांद्यात आहे. डावा खांदा आणि डावी बाही नेहमीसारखी शीव. उजवीकडे गळ्यापासून खांद्यावरून बाहीच्या टोकापर्यंत शिवूच नकोस, ती अख्खी वरची शिवण उघडी ठेव. म्हणजे गाऊन उजव्या बाजूला पुस्तकासारखा उघडतो. त्यांचा हात मांडीवर जसा पडलाय तसाच राहील, कापड त्याच्याखालून आणि वरून येईल, आणि वर बंद होईल. हात उचलायचा नाही, वळवायचा नाही.

बंद कशाने करायचं? हुक नको, टोचतात आणि तुला एका हाताने लावता येणार नाहीत. टिचबटणं लाव, दर अडीच इंचाला एक. पण होजिअरीवर थेट लावलीस तर उघडताना कापडाला भोक पडेल. उघड्या दोन्ही कडांना आतून जुन्या सुती साडीच्या काठाची दीड इंची पट्टी शीव आणि बटण त्या पट्टीसकट टाच. तो काठ ताणत नाही, म्हणून बटण जागेवर राहतं. व्हेलक्रो मी आईला लावून बघितलं. रात्री कूस बदलली की खर्रकन आवाज यायचा आणि ती दचकून उठायची. काढून टाकलं.

डाव्या खांद्याच्या शिवणीतही साडीच्या काठाची किंवा नाडीची अर्धा इंच पट्टी धरून शीव, नाहीतर धुण्यागणिक खांदा खाली उतरतो. बाजूच्या शिवणी सरळ टाक्याने चालतील, वास्कोच्या काकांना सांगितलंय तसं हलकं ताणून. शिवणीच्या कडा आत टोचणार नाहीत, होजिअरीत त्या मऊच राहतात. तरी त्या बराच वेळ ज्या कुशीवर पडून असतात, त्या बाजूची शिवण दोन इंच पुढे घे. माप काढतानाच मागचा भाग दोन इंच रुंद आणि पुढचा तेवढाच अरुंद ठेवलास की झालं. बटणं तर खांद्याच्या अगदी वर येतात, पाठीखाली येत नाहीत, पण पहिल्या दिवशी संध्याकाळी कातडीवर लाल खूण आली नाही ना एवढं बघ.

घालताना नेहमी दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी. कपडा कोणताही असो. आम्हाला हे आईच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगेपर्यंत आम्ही चार महिने उलट करत होतो.

शिवण येत नाही म्हणतेस. सगळ्या सरळ रेषा आहेत, गळा तेवढा गोल. त्याला पट्टी लावूच नकोस, कड पाव इंच आत दुमडून हाताने टाके घाल. वाकडं झालं तरी होजिअरी सांभाळून घेते, पॉपलिनसारखी चुगली करत नाही. पहिला एक शीव, चार दिवस वापरून बघ, कुठे अडतं ते त्यांनाच विचार, मग दोन आणखी.

आणि बोल्स डाव्या बाजूला लाव, जो हात चालतो त्या बाजूला. जरा खोल, आणि तोंड तिरकं, म्हणजे बसल्या बसल्या हात आपसूक आत जाईल. रुमाल, जपमाळ, खडीसाखर, काय ठेवायचं ते त्यांचं त्या ठरवतील.